थ्री इन्व्हेस्टिगेटर्स मुलीला आवडत नाहीये? आधी तिला ऐकवा

ताई, तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडते म्हणजे बाकी वाचणाऱ्यांनाही कळेल. मुलगी १० वर्षांची, सेमी-इंग्लिशला पाचवीत. तुम्ही लहानपणी थ्री इन्व्हेस्टिगेटर्सचा, म्हणजे गुप्तहेरगिरी करणाऱ्या तीन अमेरिकन पोरांच्या त्या इंग्रजी रहस्यमालिकेचा, फडशा पाडलेला, म्हणून हौसेने तिला पहिलं पुस्तक आणून दिलंत, 'द सीक्रेट ऑफ टेरर कॅसल', आणि तिने वीस-पंचवीस पानांत बाजूला ठेवलं. वर सासूबाईंचं म्हणणं की भुताखेताचं कशाला देतेस पोरीला. आणि तुम्हाला विचारायचंय की ही क्रमानेच वाचायची का, मुखपृष्ठावर नाव असतं त्या हिचकॉकने, म्हणजे रहस्यपटांच्या प्रसिद्ध दिग्दर्शकाने, खरंच लिहिलीयेत का, आणि आज मुंबईत मिळतात कुठे.

मी मुलुंडला मुलांची लायब्ररी चालवते, ही मालिका आमच्याकडे पहिल्यापासून आहे, एकेक प्रत इतक्या हातांतून गेलीये की काहींना पुठ्ठा लावून पुन्हा शिवावं लागलं. त्यामुळे हे मनापासून सांगते की तिने पुस्तक सोडलं यात तिचं काही चुकलेलं नाही. 'टेरर कॅसल' सुरू व्हायलाच खूप वेळ घेतं. तिघांचा म्होरक्या ज्युपिटर, त्याने बरणीतल्या बिया किती याचा अंदाज बांधायची स्पर्धा जिंकलेली असते, त्यात त्याला सोन्याचा मुलामा दिलेली रोल्स रॉइस ड्रायव्हरसकट ३० दिवस वापरायला मिळालेली असते, मग त्या गाडीतून स्टुडिओत घुसायचं, मग हिचकॉकला पटवायचं, आणि एवढं झाल्यावर कुठे तो भुताचा वाडा येतो. आपण लहान होतो तेव्हा मे महिन्याच्या दुपारी दुसरं काही करण्यासारखं नव्हतं, आपण ते सगळं चवीने वाचलं. आजच्या मुलीला पहिल्या पाच मिनिटांत काहीतरी व्हायला हवं असतं आणि तिची ही अपेक्षा मला चुकीची वाटत नाही.

म्हणून पहिलं काम, नंबर १ कपाटात ठेवून द्या आणि नंबर २ आणा, 'द मिस्ट्री ऑफ द स्टटरिंग पॅरट'. दुसरं काम जास्त महत्त्वाचं, ते तिच्या हातात देऊ नका. रात्री जेवणं झाली की तुम्ही स्वतः पहिली दोन प्रकरणं मोठ्याने वाचून दाखवा.

मोठ्याने का, तर ही पुस्तकं लिहिणारा माणूसच रेडिओचा होता. रॉबर्ट आर्थर त्याचं नाव, जन्म १९०९ चा, फिलिपीन्समधल्या कोरेहिडोर बेटावरचा, वडील अमेरिकन सैन्यात. मुलांसाठी लिहायच्या कितीतरी आधीपासून तो मोठ्यांच्या रहस्यकथा लिहायचा आणि डेव्हिड कोगन नावाच्या साथीदाराबरोबर 'द मिस्टीरियस ट्रॅव्हलर' हा रेडिओवरचा कार्यक्रम करायचा, १९४३ ते १९५२ इतकी वर्षं तो चालला, रेडिओ नाट्यासाठी त्याला एडगर हा रहस्यकथांचा पुरस्कारही मिळाला. आपल्या आकाशवाणीवर रात्री श्रुतिका लागायच्या त्या ज्यांनी ऐकल्यात त्यांना लगेच कळेल मी काय म्हणतेय ते. श्रुतिकेत लिहिणाऱ्याकडे दाखवायला काहीच नसतं, दार करकरलं, पावलं वाजली, कोणीतरी कुजबुजलं, एवढ्यावर ऐकणाऱ्याच्या अंगावर काटा आणायचा असतो.

आता या मालिकेची नावं नुसती ओळीने बघा. अडखळत बोलणारा पोपट. कुजबुजणारी ममी. किंचाळणारं घड्याळ. बोलणारी कवटी. पुढे दुसऱ्या लेखकांनी हाती घेतली तेव्हाही कण्हणारी गुहा, हसणारी सावली, खोकणारा ड्रॅगन, गाणारा साप. निम्मी कोडी कानाने ऐकायचीच आहेत! सगळ्यात ढळढळीत म्हणजे 'द मिस्ट्री ऑफ द स्क्रीमिंग क्लॉक', १९६८ चं. ज्युपिटरच्या टायटस काकाच्या भंगारात एक जुनं विजेवरचं घड्याळ येतं, ज्युपिटर त्याची पिन लावतो आणि गजर व्हायच्या जागी बाईची किंकाळी ऐकू येते. आणि त्या किंकाळीचा माग काढत पोरं पोचतात कुठे, तर जुन्या रेडिओ नाटकांत पैसे घेऊन किंचाळून देणाऱ्या एका कलाकारापर्यंत. आर्थरने स्वतःचा सगळा जुना धंदा त्या एका पुस्तकात ओतलाय असं मला प्रत्येक वेळी वाटतं.

आमच्याकडे शनिवारी संध्याकाळी मुलं जमतात तेव्हा मी हे प्रकरण वाचते आणि ज्युपिटर पिन लावतो तिथे थांबते. पुस्तक मिटत नाही, बोट तसंच पानावर ठेवते, फक्त गप्प बसते. बाहेर रिक्षांचे हॉर्न चालू असतात पण खोलीत कोणी हलत नाही. मग मी ती किंकाळी वाचते, ओरडून नाही, साध्या आवाजात, कारण किंकाळी त्यांच्या डोक्यात आधीच वाजून गेलेली असते. लगेच सुरू होतं, आत टेप आहे, नाही कोणीतरी लपलंय, नाही ते भूत आहे, मागच्या खेपेला एक अगदी बारकी मुलगी म्हणाली की पण घड्याळात किंकाळी बसवायला वेळ लागला असेल ना, मग एवढी मेहनत कोण कशाला करेल? हा प्रश्न तिला मी शिकवला नव्हता, तो त्या पुस्तकाने तिच्याकडून काढून घेतला. पुढचं प्रकरण वाचू का विचारलं तर सगळे हो म्हणाले आणि मी नाही वाचलं, तीन मुलं भांडली पुस्तक आधी कोणी घरी न्यायचं म्हणून.

तुमच्याकडे एकच मूल आहे त्यामुळे भांडण होणार नाही, पण थांबायची जागा तशीच ऐन मोक्याची ठेवा. तुम्ही दोन प्रकरणं वाचलीत, तिसऱ्याच्या तोंडाशी आलात, की 'उद्या' म्हणून पुस्तक तिच्या उशाशी ठेवून निघून जा. मुद्दाम काही बोलू नका. बहुतेक मुलं त्याच रात्री पुढे जातात, काही दोन-तीन दिवस घेतात, एखादं मूल पूर्ण पुस्तक तुमच्याकडूनच ऐकतं आणि त्यातही काही बिघडत नाही.

भाषेचं म्हणाल तर सेमी-इंग्लिशच्या मुलांना मी वर्णन मराठीत सांगते आणि संवाद इंग्रजीतच वाचते. आर्थरची वाक्यं छोटी असतात आणि तिघं पोरं इतकी वेगवेगळी बोलतात की नाव न घेताही कळतं कोण बोललं. ज्युपिटर जोन्स सगळं लांबलचक आणि कठीण शब्दांत बोलणार. पीट क्रेनशॉ अंगाने दणकट, पोहण्यात पळण्यात पुढे, पण अंधारात जायचं म्हटलं की आधी नको म्हणणार आणि मग सगळ्यांच्या पुढे जाणार. बॉब अँड्र्यूज शांत, नोंदी ठेवणारा, माहिती काढणारा, आणि हे मला सांगायलाच हवं, तो गावातल्या लायब्ररीत पार्ट टाइम काम करतो. पहिल्या काही पुस्तकांत त्याच्या पायाला ब्रेस आहे, पडून पाय मोडल्यामुळे, आणि तरी त्याला कोणी बिचारा म्हणून वागवत नाही. ज्युपिटर जाडा आहे, त्याला ते बोललेलं लागतं, लहानपणी तो टीव्हीवर बेबी फॅटसो म्हणून काम करायचा आणि लोक हसायचे ते त्याच्या मनात राहून गेलंय, म्हणून त्याला काहीही झालं तरी आपलं डोकं सिद्ध करायचं असतं. आमच्याकडची जी मुलं शाळेत अंगावरून चिडवली जातात ती या पोराला घट्ट धरून ठेवतात, हे मी कितीतरी वेळा पाहिलंय.

आता पोपटाकडे येते, कारण ही मालिका नेमकी कशात भारी आहे ते तिथे दिसतं. पुस्तक उघडतं तेच एका आरोळीने, वाचवा वाचवा असा चमत्कारिक आवाज एका बंगल्यातून येतो आणि ज्युपिटर-पीट गेटवरच थबकतात. दोघं आलेले असतात हरवलेल्या पोपटाच्या चौकशीला. त्या पोपटाचं नाव बिली शेक्सपिअर आणि तो 'टू-टू-टू बी ऑर नॉट टू-टू-टू बी' असं अडखळत म्हणतो. वाचणारा हसतो आणि पुढे जातो. ज्युपिटर पुढे जात नाही. तो म्हणतो की पोपट अडखळेल कसा? माणूस अडखळतो कारण त्याला बोलताना अडचण येते, पोपट तर जे कानावर पडलं तेच जसंच्या तसं म्हणतो. म्हणजे याला कोणीतरी बसून, पुन्हापुन्हा म्हणवून, मुद्दाम अडखळायला शिकवलंय. कोणी आणि कशासाठी?

बास, इथे सगळं पुस्तक उभं राहतं. पुढे कळतं की असे एकूण ७ पक्षी आहेत, त्यातली एक चक्क मैना आहे, प्रत्येकाला एकेक विचित्र वाक्य पाठ करून घेतलंय आणि ती सगळी वाक्यं जोडली तर एका लपवलेल्या मौल्यवान वस्तूचा पत्ता लागतो. उत्तर मी सांगणार नाही, पण एवढं सांगते की जे लागतं ते सगळं वाचणाऱ्याच्या कानावर आधीच घातलेलं असतं. लेखक काही दडवून ठेवत नाही. मूल शेवटाला पोचलं की त्याला फसवलं गेल्यासारखं वाटत नाही, 'अरे हे तर मी ऐकलं होतं!' असं वाटतं. इतर बऱ्याच मालिकांत मुलं भुयारात पडतात, योगायोगाने चोर भेटतात, मोठी माणसं येऊन पकडतात, तेही मजेचंच असतं आणि मी ती पुस्तकंही आनंदाने देते, पण इथे विचार करून मिळवलेलं उत्तर असतं आणि विचार करायची सामग्री वाचणाऱ्याच्याही हातात असते.

यावरून एक सवय लावा. प्रत्येक केस संपली की पोरं हिचकॉकच्या ऑफिसात रिपोर्ट घेऊन जातात आणि उरलेल्या सगळ्या शंकांची उत्तरं त्या शेवटच्या प्रकरणात मिळतात. ते प्रकरण सुरू व्हायच्या आधी थांबा आणि तिला विचारा की तुझ्या मते काय काय कळायचं राहिलंय. वही-बिही नको, गृहपाठासारखं झालं की मजा गेली. नुसतं बोलायचं, भांडी आवरताना, स्टेशनवर चालत जाताना. तिने एखादी अशी शंका काढली जी पुस्तकाने सोडवलेलीच नाही, तर तिला सांगा की हो, इथे लेखकाकडून राहिलं. मुलांना हे सापडल्याचा आनंद उत्तर बरोबर आल्यापेक्षा जास्त होतो.

सासूबाईंना निर्धास्त करा. रॉबर्ट आर्थरच्या पुस्तकांत भूत कधीही खरं नसतं. 'टेरर कॅसल' मध्ये निळं भूत दिसतं, आपोआप वाद्य वाजतं, आत पाऊल टाकलं की आधी अस्वस्थ वाटतं आणि मग पळत सुटावंसं वाटतं, आणि या प्रत्येक गोष्टीमागे माणूस आणि काहीतरी युक्ती निघते. वाड्याचा मालक मूकपटांतला नट होता, बोलपट आल्यावर त्याचा आवाज लोकांना हसू आणणारा निघाला आणि त्याचं करिअर संपलं, तिथून ती सगळी गोष्ट सुरू होते, म्हणजे बघा पुन्हा आवाजच! भुताला घाबरणाऱ्या मुलांना मी ही पुस्तकं मुद्दाम देते. घाबरायला मिळतं आणि शेवटी दिवा लावून कोपरा न कोपरा दाखवलाही जातो. सासूबाईंनाच ऐकायला बसवा, आमच्याकडे नातवंडांना सोडायला आलेल्या कितीतरी आज्या घड्याळाच्या गोष्टीला मागच्या खुर्चीवर बसून राहतात.

हिचकॉकचं असं की त्याने यातली एक ओळही लिहिलेली नाही. नाव वापरायला दिलं, त्याचे पैसे घेतले. आर्थर आधीपासून हिचकॉकच्या नावाने निघणारे भयकथांचे संग्रह तयार करून द्यायचा, त्याच्या टीव्ही मालिकेसाठीही लिहायचा, त्यामुळे १९६४ मध्ये रँडम हाऊसने ही मालिका काढली तेव्हा ते नाव मुखपृष्ठावर आलं आणि त्यावर पुस्तकं धडाधड खपली. पण आर्थरने ते नुसतं जाहिरातीला ठेवलं नाही, गोष्टीतच ओवून घेतलं. पहिल्या पुस्तकात ज्युपिटर हिचकॉकचा भाचा असल्याची बतावणी करून, त्याच्यासारखा चेहरा करून स्टुडिओत घुसतो, हिचकॉक वैतागतो आणि परत ही नक्कल करणार नसशील तर तुमच्या केसची प्रस्तावना लिहीन असं कबूल करतो. म्हणून प्रत्येक पुस्तकाच्या सुरुवातीला त्याची प्रस्तावना. मुलांना हे खरं वाटतं आणि वाटू द्यावं.

१९८० मध्ये हिचकॉक वारला आणि त्याच्या जागी हेक्टर सेबॅस्टियन नावाचा काल्पनिक रहस्यकथालेखक आणला. जुनी पुस्तकं अमेरिकेत पुन्हा छापताना त्यातूनही हिचकॉक काढून टाकला, 'टेरर कॅसल'च्या सुधारित आवृत्तीत त्याच्या जागी रेजिनाल्ड क्लार्क नावाचा दिग्दर्शक आहे. गोष्ट तीच राहते पण मला ती आवृत्ती पसंत नाही, कारण पोरगा ज्याची नक्कल करतो तो माणूस जगाला माहीत असलेला असण्यातच ती गंमत आहे. दोन्ही मिळत असतील तर हिचकॉकवाली घ्या.

क्रमाबद्दल. मूळ मालिका ४३ पुस्तकांची, १९६४ ते १९८७. क्रमाने वाचायची काही गरज नाही, मागच्या केसचे उल्लेख येतात पण अडत नाही. मी नंबर न बघता लेखक बघून देते. रॉबर्ट आर्थरची १०, म्हणजे १ ते ९ आणि ११. ही आधी. पोपटानंतर घड्याळ, मग ऐकायची सवय लागली की 'टेरर कॅसल', तेव्हा ती रोल्स रॉइस आणि वर्दिंग्टन ड्रायव्हर आवडू लागतात. समुद्र आवडत असेल तर 'स्केलेटन आयलंड', त्यात ग्रीसहून आलेला एक पोरगा आहे जो पाण्यात बुडी मारून नाणी शोधतो. 'टॉकिंग स्कल' हे आर्थरचं शेवटचं, १९६९ चं, त्याच वर्षी तो गेला.

बाकीच्यांत विल्यम आर्डन, खरं नाव डेनिस लिंड्स, हा जास्त धावपळीचा, त्याचं 'मोनिंग केव्ह' मुलांना खूप आवडतं. एम. व्ही. केरी या बाई, यांची माणसं सगळ्यात जिवंत असतात असं माझं मत आहे, फक्त त्या कधीकधी शेवटी थोडं गूढ तसंच शिल्लक ठेवतात. 'मॉन्स्टर माउंटन' आणि 'इन्व्हिजिबल डॉग' वाचून मुलं विचारायला येतात की मग ते खरं होतं का. आर्थरचा नियम इथे मोडतो, म्हणून ही दोन मी आधीची आठ-दहा झाल्याशिवाय देत नाही. निक वेस्टची २ आणि मार्क ब्रँडेलची ३ नंतर कधीही.

तुमची मुलगी आहे म्हणून हेही बोलायला हवं की या मालिकेत मुली जवळजवळ नाहीत. मथिल्डा काकू आहे, ती सगळ्यांना कामाला लावते आणि पोटभर खायला घालते. मुली हे विचारतातच आणि विचारायलाच हवं. केरीबाईंनी अ‍ॅली जेमिसन म्हणून एक मुलगी आणली, 'सिंगिंग सर्पंट' मध्ये १९७२ ला आणि मग 'डेथ ट्रॅप माइन' मध्ये. ती हट्टी आहे, उद्धट आहे, घोड्यावर बसते, आणि तिघांचं ऐकून घेत नाही. मुलींना मी ही दोन लवकर देते. ती एवढ्याच पुस्तकांत येते याचं मला अजून वाईट वाटतं.

दुसरी गोष्ट आपल्या देशाबद्दलची. 'द मिस्ट्री ऑफ द फायरी आय', १९६७, त्यात प्लेशिवार नावाच्या भारतातल्या एका ठिकाणच्या देवळातलं लाल माणिक आहे आणि ते परत मिळवायला कपाळावर तीन ठिपके गोंदलेला एक भारतीय येतो. असं गाव नाही, असं देऊळ नाही. अमेरिकेत बसून १९६० च्या दशकात भारत असा कल्पिला गेला. रहस्य म्हणून पुस्तक उत्तम आहे, पुतळ्यांच्या डोक्यात काहीतरी लपवलंय आणि पुतळे भंगारवाल्याने विकून टाकलेत, मग एकेक शोधत फिरायचं. मी ते पुस्तक लपवत नाही, मुलांबरोबर वाचते आणि मध्येच विचारते की हा माणूस तुम्हाला ओळखीचा वाटतो का. आमच्याकडची पोरं हसतात आणि मग सांगत सुटतात काय काय चुकलंय. 'ग्रीन घोस्ट' मधले चिनी, 'टॉकिंग स्कल' मधले जिप्सी, यांच्याबद्दलही तेच बोलता येतं. घरी एकटीने वाचायला द्यायच्या आधी ही तीन तुम्ही बरोबर बसून वाचा.

जागा परकी वाटेल ही भीती मात्र नको. रॉकी बीच हे हॉलिवूडजवळचं काल्पनिक गाव आहे, पण गोष्टीचं केंद्र आहे टायटस काकाचं भंगाराचं आवार, आणि भंगार मुंबईच्या मुलाला कोणी समजावून सांगावं लागत नाही. दारूखान्यात, म्हणजे मुंबईच्या जहाजफोडीच्या भागात, जहाजाचे सुटे झालेले दरवाजे, नळ, घंटा रस्त्याकडेला मांडलेले दाखवून आणा एकदा, कुर्ल्याचं भंगार तर येताजाता दिसतंच. तिघांचं ऑफिस म्हणजे अपघातात मोडलेलं, विकलं न जाणारं ३० फुटी मोबाइल होम, म्हणजे गाडीमागे ओढून न्यायचं चाकांवरचं घर, त्याच्या चारी बाजूंनी त्यांनी सामानाचे ढीग असे रचलेत की ते कोणाला दिसतच नाही, आणि आत जायचे रस्ते चोरटे, त्यातला टनेल टू म्हणजे जाड पत्र्याचा पाइप, त्यातून सरपटत जायचं. वन रूम किचनमध्ये पाच माणसांबरोबर राहणाऱ्या मुलाला स्वतःची अशी जागा काय वाटत असेल! पुस्तक परत करताना मुलं सगळ्यात जास्त याच ऑफिसबद्दल बोलतात, आणि आमच्या मागच्या खोलीत कपाट आणि भिंतीच्या मधे जी फट आहे तिला त्यांनी टनेल टू नाव दिलंय.

घोस्ट-टू-घोस्ट हुकअप पण करून बघायला सांगा. माहिती हवी असली की तिघांनी ५-५ मित्रांना फोन करायचा, त्यांनी पुढे ५-५ जणांना, असं करत गावभर पोरं कामाला लागतात. १५, मग ७५, मग ३७५, कागदावर झाड काढलं की पाचवीतल्या मुलीला गुणाकार कुठे घेऊन जातो ते दिसतं.

ऐकण्याचंच म्हणाल तर जर्मनीत ही मालिका आजही जोरात आहे. तिथे १९७९ पासून हिची रेडिओ नाटकांसारखी रूपांतरं कॅसेटवर निघाली, तिघांचे आवाज तेव्हा ज्या मुलांनी दिले तेच आज मोठे होऊनही देतायत, आणि लोक ती ऐकायला थिएटरं भरतात. जर्मन आपल्याला कळणार नाही पण मी मुलांना हे नेहमी सांगते, आर्थरने कानासाठी लिहिलेलं शेवटी कानापर्यंत पोचलं.

मराठीत याच्या जोडीला काय, तर भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे, यात विचार करायचंच कारण नाही. फुरसुंगीचा बनेश फेणे, सायकल, 'ट्टॉक', पुण्याची विद्याभवन शाळा. फेणे ज्युपिटरसारखा बसून तर्क लढवत नाही, तो आधी सायकल मारतो आणि वाटेत विचार करतो, वेग जास्त, म्हणून ज्या मुलांना थ्री इन्व्हेस्टिगेटर्स संथ वाटतात त्यांना मी आधी फेणे देते आणि मग पोपटाकडे आणते. भागवतांचं मराठीही मोठ्याने वाचायला फार छान आहे. तर्काची आवड लागली की सत्यजित राय यांचा फेलुदा, अशोक जैन यांनी मराठीत आणलाय, रोहन प्रकाशनाची पुस्तकं आहेत, पण तो बारा-तेराव्या वर्षी, घाई नको.

मिळतात कुठे? नवीन आवृत्त्यांच्या मागे लागू नका, जुनीच शोधा. माटुंग्याला किंग्ज सर्कलच्या फुटपाथवर आणि फोर्टात फ्लोरा फाउंटनजवळ जुन्या पुस्तकांचे स्टॉल आहेत तिथे विचारा, नाव सांगताना हिचकॉक म्हणा, विकणाऱ्यांना मालिकेच्या नावापेक्षा ते पटकन कळतं. बहुतेक हाताला लागतील ती आर्माडाची इंग्लंडमध्ये छापलेली छोटी पेपरबॅक, अक्षर बारीक असतं, तुम्ही वाचून दाखवणार असाल तर त्याने अडणार नाही. मुखपृष्ठावर हिचकॉकचंच नाव मोठं दिसेल, त्यामुळे आतलं पान उघडून मजकूर रॉबर्ट आर्थरचा आहे का बघा. एखादी जुनी भाड्याने पुस्तकं देणारी लायब्ररी बंद होतेय असं कानावर आलं तर लगेच जा, अख्खा गठ्ठा एकदम निघतो. आणि पैसे द्यायच्या आधी स्टॉलवरच शेवटची पानं उलटून बघा, ही पुस्तकं खूप हाताळलेली असतात, बाइंडिंग सुटून नेमकं हिचकॉकच्या ऑफिसातलं प्रकरण गळालेलं असलं तर ती प्रत कितीही स्वस्त असली तरी घेऊ नका.